व्याह्यांच्या तोंडातील कवळी परत मिळणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी (दंत विभाग),
नगरपालिका रुग्णालय, तळमजला,
जिन्याखालची खोली.

विषय : अर्जदाराच्या हक्काची दातांची कवळी, जी सध्या अर्जदाराच्या व्याह्यांच्या तोंडात आहे, ती व्याह्यांचे मन न दुखवता व शक्यतो त्यांना न कळता परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज. २) त्याचे स्मरणपत्र. ३) स्मरणपत्राचे स्मरणपत्र. ४) आपल्या कार्यालयाचे दोन ओळींचे उत्तर.

महोदय,

१. अर्जदार हा पाणीपुरवठा कार्यालयातून निवृत्त झालेला आवक-जावक लिपिक असून त्याचे आयुष्य दुसऱ्यांच्या अर्जांवर शिक्के मारण्यात गेले आहे. अर्जात नेहमी ‘अर्जदार’ असे लिहावे, ‘मी’ लिहू नये, ‘मी’ आला की माणूस भांडायला लागतो, असे अर्जदाराचे जुने हेडक्लार्क सांगत. सबब हा अर्ज त्याच पद्धतीने लिहिला आहे. तरीही मधूनच आवाज चढलेला आढळल्यास तो कवळी सैल असल्याचा परिणाम समजावा.

२. प्रथम नाते स्पष्ट करणे इष्ट. अर्जदाराची एकुलती एक मुलगी व्याह्यांच्या धाकट्या मुलाला दिली आहे. व्याही हे मोठ्या अंगाचे, मोठ्या आवाजाचे, कापडाचे दुकान चालवून आता घरी बसलेले गृहस्थ असून त्यांच्याबद्दल अर्जदाराची काडीचीही तक्रार नाही. मुलगी त्या घरात गेल्यापासून तिच्या डोळ्याला पाणी आलेले कोणी पाहिले नाही, आणि आलेच असेल तर ते कांदा चिरताना. अशा माणसाला ‘माझे दात द्या’ असे कोणत्या तोंडाने म्हणावे? हा प्रश्न अर्जदार शब्दशः विचारत आहे, कारण सध्या त्याला स्वतःचे तोंड राहिलेले नाही.

३. आता घडलेली हकीकत. अर्जदार व व्याही यांचे उरलेसुरले दात जवळपास एकाच सुमारास गेले. तेव्हा मुलीनेच सुचवले की, बाबा, तुम्ही दोघे एकत्रच जा, एकमेकांची सोबत होईल. त्याप्रमाणे दोघांच्या तोंडांची मापे आपल्याकडे एकाच दिवशी घेण्यात आली. कवळी मिळण्याच्या दिवशी अर्जदार सवयीने लवकर पोचला, सबब पहिले टोकन अर्जदाराचे व दुसरे व्याह्यांचे. दोघे बाकावर शेजारी शेजारी बसलो. (बसले, असे वाचावे.) इतक्यात खिडकीवरच्या ताईंनी आतून हाक दिली, “चला, पहिलं कोण?”

महोदय, सगळा घात या हाकेने केला. अर्जदार उठला, पण शेजारी व्याही! मुलीच्या बापाने व्याह्यांना मागे ठेवून आपण पुढे घुसायचे, हे अर्जदाराच्या घरात कधी झालेले नाही. हात आपोआप पुढे झाला. अर्जदार म्हणाला, आधी तुम्ही. ते म्हणाले, छे छे, तुम्ही. अर्जदार म्हणाला, असं कसं, मान तुमचा. ते म्हणाले, अहो तुमचं टोकन आहे. अर्जदार म्हणाला, टोकनाचं काय घेऊन बसलात! ताई आतून ओरडल्या, कुणीतरी एक या हो, माझा चहा निवतोय. शेवटी व्याही आत गेले. टोकन कोणीही पाहिले नाही. पहिला डबा उघडून पहिल्या आलेल्या माणसाच्या तोंडात बसवण्यात आला आणि दुसरा डबा दुसऱ्याच्या. अशा रीतीने अर्जदाराचे दात मानापोटी गेले.

४. ‘आपण त्याच वेळी हरकत का घेतली नाही?’ असे आपल्या उत्तरात विचारले आहे. विचारणे सोपे आहे. व्याही आरशात बघून आधीच मोठ्याने “झकास!” म्हणून बसले होते. त्यानंतर अर्जदाराच्या तोंडात जी वस्तू ठेवण्यात आली ती वर टाळ्याला टोचत होती व खाली होडीसारखी डुलत होती. परंतु व्याही समोर उभे राहून कौतुकाने पाहत असताना, ‘तुमची झकास, माझी भिकार’ असे म्हणणे हे सरळसरळ रडगाणे झाले असते. सबब अर्जदारानेही “झकास” असे म्हटले. ताईंनी नोंदवहीत ‘दोन्ही रुग्ण समाधानी’ असा शेरा मारला. तो शेरा खोटा असून तो भिडेपोटी उच्चारलेल्या शब्दावर आधारलेला आहे.

५. आता ओळखीची खूण. अर्जदाराच्या वरच्या दोन पुढच्या दातांमध्ये लहानपणापासून फट होती. वडिलांनाही होती. मुलीलाही आहे. शाळेत पोरे तिला चिडवत तेव्हा ती तोंडावर हात धरून बोलायची. त्या वेळी अर्जदाराने तिला आरशासमोर नेऊन स्वतःचे दात दाखवले होते आणि सांगितले होते की, ही आपल्या घराची खूण आहे, गर्दीत हरवलीस तर मी हसेन, तू फट बघून ओळख. त्या दिवसापासून तिने हात काढला तो काढला. पुढे खरे दात पडले. तरी कवळी करताना ती फट राहिलीच पाहिजे, असे अर्जदाराने आपल्या कारागिरांना बजावले. ते म्हणाले, काका, लोक फट बुजवायला येतात, तुम्ही पाडून मागताय! अर्जदाराने खिशातले पोस्टकार्ड काढून, एक घडी घालून, तेवढ्या जाडीचे फटीचे माप दिले. कारागिरांनी हसत हसत का होईना, चोख काम केले. ती फट आज व्याह्यांच्या तोंडात आहे. आपण स्वतः जाऊन पाहू शकता. ते फार हसतात.

६. अर्जदारास एक नात आहे. वय पाच, स्वभाव कोणाचीही भीडभाड न ठेवणारा. तिचे पुढचे दुधाचे दोन दात नुकतेच पडले असून नवे दात आईसारखे फटीचे येणार की नाही, याची ती रोज आरशात चौकशी करते. ती अर्जदारास आजोबा व व्याह्यांना आबा म्हणते. नवी कवळी लावून अर्जदार मुलीकडे जेवायला गेला तेव्हा नातीने आल्या आल्या मांडीवर बसून अर्जदाराचे तोंड दोन्ही हातांनी उघडले आणि आत पाहिले. फट नव्हती. मग व्याही कशावरून तरी हसले. ती मांडीवरून उतरली, त्यांच्यापाशी गेली, निरखून पाहिले आणि भर पंगतीत जाहीर केले, “आबांना आईचे दात आले!”

सगळे हसले. व्याही सर्वांत जास्त हसले, अर्जदाराच्या दातांनी. अर्जदारही हसला, व्याह्यांच्या दातांनी. पण महोदय, त्यानंतर नात उरलेले जेवण व्याह्यांच्या मांडीवर जेवली. अर्जदाराला त्या दिवशी घास गिळताना त्रास झाला आणि त्याचा कवळीशी संबंध नव्हता.

७. सदर नातीस रोज संध्याकाळी फोनवरून गोष्ट सांगणे हे अर्जदाराचे निवृत्तीनंतरचे एकमेव काम आहे. हल्ली ‘स’ आणि ‘श’ आले की अर्जदाराच्या तोंडातून शिट्टी वाजते. गोष्टीत ससा असेल तर विचारूच नका. नात गोष्ट ऐकायची सोडून ‘आजोबा, परत वाजवा’ म्हणते. अर्जदाराने काही दिवस ससा, सिंह व राक्षस हे तिन्ही वगळून गोष्टी सांगून पाहिल्या. त्यांत मग उरते काय?

८. याबाबत अर्जदाराच्या पत्नीचे म्हणणे असे की, दात गेले तर गेले, एक शब्द बोलू नका, लेकीच्या संसारात तुमचे दात आडवे आणू नका. तिचे म्हणणे रास्त आहे. पण तीच बाई दुसऱ्या क्षणी म्हणते, “व्याहीबुवा हसले की तुमचीच आठवण येते हो.” अर्जदार समोर बसलेला असताना! नवऱ्याच्या डोळ्यांदेखत बायकोला त्याची आठवण यावी, असा प्रसंग आपल्या विभागाच्या हलगर्जीमुळे ओढवला आहे.

९. अर्जदाराने सूचकपणे विषय काढून पाहिला नाही असे नाही. एकदा चहा घेताना अर्जदार हवेत बघून म्हणाला की, माणसाने आपली वस्तू वापरावी, दुसऱ्याची चुकून आली तर परत करावी, त्यात कमीपणा नाही. व्याही एकदम गंभीर झाले. म्हणाले, अगदी खरं बोललात. दुसऱ्या दिवशी त्यांनी नोकराहाती एक काळी छत्री पाठवून दिली. ती छत्री अर्जदाराची होती की नाही हे अर्जदारास आता आठवत नाही, परंतु परत पाठवणेही बरे दिसेना म्हणून ती दाराआड ठेवली आहे.

तदनंतर अर्जदाराने त्यांना मुद्दाम भाजलेले शेंगदाणे दिले. कवळी दुसऱ्याची असेल तर दाणे चावताना तोंड वाकडे होईल, आपोआप विषय निघेल, असा हिशेब होता. त्यांनी अख्खी वाटी फस्त केली, वर “तुमच्याकडचे दाणे छान असतात” म्हणाले. अर्जदाराने त्याच वाटीतला एक दाणा तोंडात टाकला होता. तो अर्ध्या तासाने सगळाच बाहेर निघाला.

१०. पुढील मजकूर गोपनीय समजावा. गेल्या आठवड्यात व्याही आमच्याकडे दुपारी जेवून आडवे झाले होते. त्यांची कवळी, म्हणजे अर्जदाराची, मोरीतल्या फळीवर स्टीलच्या वाटीत पाण्यात पडली होती. घरात सामसूम. अर्जदाराने आपल्या तोंडातली काढून दुसऱ्या वाटीत ठेवली. दोन वाट्या शेजारी शेजारी. नुसत्या वाट्यांची जागा बदलायची की झाले काम! कोणाला पत्ता लागला नसता. अर्जदाराने आपली फट पाहिली आणि खरे सांगायचे तर त्याला भरून आले.

पण पाहुण्याच्या वस्तूला हात लावायचा, तोही तो झोपलेला असताना? अर्जदाराने उभा जन्म दुसऱ्याच्या कागदाला न विचारता टाचणीसुद्धा टोचली नाही. तेवढ्यात मागून पत्नी खाकरली. अर्जदाराची अशी धांदल उडाली की, आपण काहीतरी चांगले काम करत आहोत हे दाखवण्यासाठी त्याने ब्रश घेऊन व्याह्यांची कवळी घासायला सुरुवात केली. म्हणजे अर्जदाराने स्वतःचेच दात लख्ख घासून परक्याच्या वाटीत परत ठेवले. व्याह्यांनी उठल्यावर पत्नीचे आभार मानले.

११. आपल्या कार्यालयाचे उत्तर असे की, ‘कवळी बदलून हवी असल्यास दोन्ही धारकांचा संयुक्त संमतीचा लेख जोडावा, अन्यथा ज्याच्या तोंडात जी आहे ती त्याचीच मानण्यात येईल.’ अहो, काय हे! संमतीचा लेख मागायचा झाला तर विषय काढावा लागणार, आणि विषय काढता आला असता तर अर्जदार आपल्या जिन्याखालच्या खोलीचे उंबरे झिजवत बसला असता का? अर्जदाराने या कामी तीन वेळा दातांच्या कण्या केल्या, त्याही दुसऱ्याच्या.

१२. तातडीचे कारण. व्याही येत्या रविवारी समुद्रापलीकडे थोरल्या मुलाकडे कायमचे राहायला जात आहेत. तिकीट निघाले, बॅगा भरल्या. म्हणजे रविवारी अर्जदाराचे दात विमानात बसतील. अर्जदार स्वतः आजवर विमानात बसलेला नाही. एकदा ते गेले की नातीला आपल्या घराची खूण फोनच्या पडद्यावर, परदेशात, दुसऱ्याच्या तोंडात दिसणार, आणि इथे असलेला आजोबा शिट्ट्या वाजवत राहणार. हे अर्जदारास सहन होणार नाही. एवढेच सांगायचे होते. वरचे सगळे त्यासाठी लिहिले.

सबब अर्जदाराच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

(अ) ‘ज्येष्ठ नागरिकांच्या कवळीची मोफत तपासणी’ अशा नावाचे एक पत्र व्याह्यांना तातडीने पाठवावे. मोफत म्हटले की ते येतात. दुकानदार माणूस आहे.

(आ) तपासणीच्या निमित्ताने त्यांची कवळी आत न्यावी. अर्जदार मागच्या दाराने, तोंडावर रुमाल धरून, आधीच हजर राहील. अदलाबदल आत व्हावी.

(इ) नव्या कवळीबद्दल व्याह्यांनी काही विचारल्यास ‘जरा घासून पुसून दिली’ असे सांगावे. हे खोटे होणार नाही, त्यापूर्वी ती खरोखरच घासावी.

(ई) त्या दिवशी खिडकीवरच्या ताईंना ‘पहिलं कोण?’ असे विचारण्यास सक्त मनाई करावी. नंबर पुकारावा.

(उ) उत्तर अर्जदाराच्या घरी न पाठवता कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे द्यावे. घरी पत्नी पत्रे उघडते.

अर्जदार व्याह्यांवर दात धरून आहे असा अर्थ यातून कृपया काढू नये. माणूस लाखात एक आहे. फक्त त्याने स्वतःच्या दातांनी हसावे, एवढीच विनंती.

आपला, तोंड मिटून वाट पाहणारा,
(सही)
अर्जदार
दिनांक : चालू महिन्याची चौदा, मंगळवार

ताजा कलम :

अर्ज सही करून, शाई वाळण्यासाठी टेबलावर ठेवला असता दारात व्याही. जाण्यापूर्वी सगळ्यांना भेटून घ्यावे म्हणून आले होते. पत्नी बाजारात गेलेली. अर्जदार चहा टाकायला आत गेला. आधण उकळले, साखर सापडेना, थोडा वेळ गेला. कप घेऊन बाहेर येऊन पाहतो तो व्याही चष्मा लावून हा अर्ज वाचत आहेत. मोरीच्या पानावर होते.

अर्जदाराने कपबशा टेबलावर ठेवल्या. वाटले, संपले सगळे, आता लेकीला काय तोंड दाखवायचे? व्याह्यांनी शेवटपर्यंत वाचले, कागद सारखे केले, चष्मा काढला. मग म्हणाले, “व्याहीबुवा, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.”

महोदय, अर्जदाराने विचारले, मग बोलला का नाहीत?

ते म्हणाले, “अहो, घट्ट होते! हिरड्या सोलून निघाल्या माझ्या. त्या दाण्यांच्या वेळी तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण तुम्ही एवढ्या मानानं ‘आधी तुम्ही’ म्हणालात, स्वतःचा नंबर दिलात. मुलीच्या वडलांनी दिलेला मान, आणि मी म्हणू, हा मला टोचतो, परत घ्या? बरं दिसलं असतं का ते?” मग म्हणाले, “आणि ती छत्री माझीच होती बरं का. तुम्ही असं बोललात, म्हटलं यांना हवी असेल.”

त्यानंतर आम्ही दोघे किती वेळ हसलो ते सांगता येणार नाही. शेजारच्या बाई खिडकीतून बघून गेल्या. हसता हसता अर्जदाराची खालची कवळी बशीत पडली. व्याह्यांनी ती उचलून पाहिली आणि म्हणाले, ही माझी.

मग दोघे मोरीत गेलो आणि खळखळून चुळा भरून जे ज्याचे ते त्याने तोंडात घातले. नीट बसले. अर्जदाराने आरशात पाहिले. फट जागेवर होती. अर्जदाराने मोठ्याने ‘ससा’ म्हणून पाहिले. शिट्टी वाजली नाही. व्याही बाजूला उभे राहून आरशात आपले सरळ, पांढरे, एकसारखे दात बघत होते. अर्जदाराला वाटले, आता झकास म्हणतील. ते म्हणाले नाहीत.

चहा पार निवला होता. तो तसाच घेत ते म्हणाले, “एक विचारू का? मी आता तिकडे जाणार. पोरगी मला फोनवरच बघणार. तिचे नवे दात येतील ते तुमच्या घरच्या फटीचे. एवढे दिवस ती माझ्या तोंडाकडे बघून ‘आईसारखे’ म्हणायची. उद्या फोन लावला आणि फट नाही दिसली, तर तिला वाटेल आबा तिकडे जाऊन बदलले.” एवढे बोलून हा भला मोठा माणूस कपात बघत बसला. अर्जदाराने पेन उघडले आणि अर्ज पुढे ओढला.

सबब वरील मागण्या (अ), (आ), (इ) व (उ) रद्द समजाव्यात. मागणी (ई) कायम आहे. आपल्याला हवा असलेला संयुक्त संमतीचा लेख हाच समजावा. व्याह्यांनी समासात ‘वाचले, मान्य, दाणे मात्र खरेच चांगले होते’ असा शेरा लिहून सही केली आहे. त्याऐवजी एकच नवी मागणी आहे व ती अर्जदार पूर्ण जबाबदारीने करत आहे : माझ्या व्याह्यांच्या कवळीत, वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये, माझ्यासारखीच फट रविवारच्या आत पाडून मिळावी. आम्ही दोघे गुरुवारी सकाळी येतो. टोकन दोघांत एकच द्यावे.

सोबत : पोस्टकार्ड, एक घडी घातलेले. फटीचे माप म्हणून. काम झाल्यावर ते व्याह्यांना द्यावे, तिकडे कवळी नव्याने करावी लागली तर त्यांना लागेल.